बोटीच्या केबिनचं छत आणि पाण्याचं सॅटिन इनॅमल: आठ महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रंग मारायचं काम मी एकवीस वर्षं करतोय. विजयदुर्गच्या दाजींनी त्यांच्या लाकडी बोटीची केबिन आतून-बाहेरून रंगवायला बोलावलं, तेव्हा ट्रॉलीला लावतो तेच ऑइल इनॅमल घेऊन गेलो. पांढरंशुभ्र, चकचकीत. वर्षभरात ताईचा फोन आला, "अरे, छत बघायला ये. कुणी रोज आत बसून विड्या ओढल्यासारखं झालंय."

जाऊन बघितलं. केबिनच्या बाहेर तोच रंग जसाच्या तसा पांढरा, आत कोपऱ्यांत मात्र तुपासारखा पिवळा. तेलाच्या पांढऱ्या रंगाला उजेड लागतो, अंधारात तो पिवळा पडत जातो. ट्रॉली कायम उन्हात, त्यामुळं इतक्या वर्षांत हे माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. दुसरी खोट चमकेची. खाडीच्या पाण्यावरचं ऊन खिडकीतून वर फेकलं जातं आणि छतावर हलत राहतं. ग्लॉस रंगावर त्या उजेडात एकूण एक सांधा आणि ब्रशची रेघ उठून दिसते. छत डोक्याच्या जेमतेम वर, मग नजर दुसरीकडं जाणार कुठं?

या वेळी घाई केली नाही. सागाच्या एकाच फळीचे तीन तुकडे केले. पहिल्यावर ऑइलचं सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा रंग. दुसऱ्यावर पाण्यात मिसळणारं सॅटिन इनॅमल, थेट लाकडावर. तिसऱ्यावर तेच, पण खाली ऑइलच्या वूड प्रायमरचं अस्तर. दिवाळीत तिन्ही तुकडे आईच्या लोखंडी ट्रंकेत टाकले आणि शिमग्याला काढले. पहिला पिवळसर. दुसरा पांढरा होता, पण सागाचा रस वर येऊन चहा सांडल्यासारखे डाग पडलेले, आणि पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहिल्यामुळं बोटाला खरखर लागत होती. तिसरा साफ. आईनंही तोच उचलला.

मे महिन्यात छताच्या अकरा फळ्या उतरवून टेम्पोनं गगनबावड्यावरून कोल्हापूरला आणल्या. मान वर करून रंग मारण्यापेक्षा फळी घोडीवर आडवी ठेवून मारलेला हात कितीतरी नितळ बसतो, आणि बंद केबिनमध्ये प्रायमरचा वासही घ्यावा लागत नाही. जुना रंग खरवडला, 120 नंबरच्या पेपरनं घासलं, मग 180 नं. साग तेलकट, म्हणून थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच अस्तर. फळीची पाठही सोडली नाही. पाठ कोरी राहिली की दमट हवा तिकडूनच शिरते आणि फळी वळते. अस्तर रात्रभर वाळवलं, 320 नं हलकं घासलं आणि सॅटिनचे दोन हात दिले. छत आठ बाय सहा फुटांचं. एक लिटर प्रायमर पाठपोट पुरलं, एक लिटर सॅटिन दिसणाऱ्या बाजूला.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट शाकारून वर ओढलेली. तेवढ्या वेळात रंग चांगला कडक झाला. हे महत्त्वाचं आहे. हा रंग हाताला तासाभरात सुका लागतो, पण पुढचे पंधरा दिवस आतून कच्चाच असतो. एक फळी दुसरीला टेकून राहिली तर चिकटते. माझी एक चिकटली, परत घासावी लागली. शिवाय मेच्या उन्हात तो ब्रशवरच ओढायला लागतो. सकाळी नऊच्या आत काम उरकायचं, आणि मारलेल्या जागेवर परत ब्रश फिरवायचा नाही.

फळ्या नारळी पौर्णिमेनंतर बसवल्या, पितळी स्क्रू लावून. लोखंडी स्क्रूचा गंज कसलाही रंग फोडून बाहेर येतो. आज आठ महिने झाले. रंग पिवळा पडलेला नाही, पाण्याचा उजेड छतावर मऊ पसरतो. स्टोव्हच्या वर थोडी काजळी धरली होती, ती साबणाच्या ओल्या फडक्यानं निघाली.

महागातला मरीन पेंट छताला गरजेचा नाही, ते पैसे पाण्याखालच्या लाकडावर घाला. हे सॅटिन लक्ष्मीपुरीत कुठल्याही मोठ्या रंगाच्या दुकानात मिळतं, शेड मशीनवर करून देतात. आम्ही किंचित पिवळी झाक असलेला पांढरा घेतला. शेडचा नंबर डब्याच्या झाकणावर लिहून घ्या. दाजींना आता दारालाही तोच हवाय, आणि आमचं झाकण टेम्पोत कुठंतरी राहिलं.