संच की अणुकेंद्र: सरावाचा वेळ आधी कशाला द्यावा?

कल्याणहून दादरला क्लाससाठी ये-जा करणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याला परीक्षेआधी महिनाभरच मिळणार असेल, तर गणितातील संच आणि भौतिकशास्त्रातील अणुकेंद्र यांपैकी कोणते प्रकरण आधी हाती घ्यावे, हे त्याने परीक्षा पाहून ठरवावे. राज्याच्या सीईटीसाठी अकरावीची जी निवडक प्रकरणे नेमली आहेत, त्यांत संच थेट येत नाहीत. अणुकेंद्र मात्र बारावीचे असल्याने बोर्डालाही लागते आणि सीईटीलाही. जेईई मेनला दोन्ही आहेत, शिवाय तेथे चुकीच्या पर्यायाचा एक गुण वजा होतो.

संचांच्या उदाहरणांत आकडेमोड किरकोळ असते आणि चूक होते ती वाचनात. २०० प्रवाशांपैकी १२० जण लोकलने, ९० जण बेस्टने आणि ४० जण दोन्हींनी जात असतील, तर दोन्ही न वापरणारे ३० हे बहुतेकांना काढता येते. पण ‘फक्त लोकलने किती’ असे विचारले की ८० ऐवजी १२० लिहिले जातात.

अणुकेंद्राची सूत्रे मोजकी आहेत, तरी खरा घाम तेथेच निघतो. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा भाग उरायला लागणारा वेळ, सुमारे ८ दिवसांचा असल्याने २४ दिवसांनी एक-अष्टमांश भाग उरतो हे तोंडी सांगता येईल. २० दिवस दिले की अडीच अर्धायुकाल होतात आणि लॉग टेबल उघडावे लागते. बंधन ऊर्जेत, म्हणजे अणुकेंद्र फोडून त्यातील कण सुटे करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबात, तर दशांश चिन्हापुढचे अंकच सगळे ठरवतात. हेलियम-४ ची वस्तुमान-तूट (सुट्या कणांच्या एकूण वस्तुमानातून प्रत्यक्ष वस्तुमान वजा करून उरणारा फरक) ०.०३०४ यू (अणुवस्तुमानाचे एकक), म्हणजे ९३१.५ ने गुणल्यावर सुमारे २८.३ एमईव्ही (ऊर्जेचे एकक), पण घाईने सर्व वस्तुमाने दोनच दशांश स्थळांपर्यंत घेतली, तर तूट ०.०४ यू येते आणि उत्तर ३७ च्या पुढे जाते. अणूचे वस्तुमान दिले असताना नुसत्या प्रोटॉनचे वस्तुमान वापरले, तर दोन इलेक्ट्रॉन हिशेबातून गळतात आणि उत्तर २७.३ वर येते. पर्यायांत नेमका तोच आकडा असला, की शंकासुद्धा येत नाही.

म्हणून केवळ बोर्ड आणि सीईटी देणाऱ्याने टेबलापाशी बसण्याचा वेळ अणुकेंद्रालाच द्यावा. जेईई देणाऱ्याने संच लोकलमध्ये उरकावेत. वेनचित्र, म्हणजे संच दाखवणारी एकमेकांना छेदणारी वर्तुळे, उभ्या गर्दीतही मनात काढता येते, लॉग टेबल मात्र ठाण्यानंतर उघडायलाही जागा मिळत नाही.