हिरव्या बटणाखालची फिकट ओळ

सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी अकरा वर्षं काउंटरवर काढली. जामीनदाराने कुठे सही करायची, हप्ता थकला तर काय होतं, हे समोरच्याला दोनदा सांगितल्याशिवाय मी कागद आत पाठवत नसे. त्याच मी स्वतःच्या नव्वद हजारांच्या कर्जाला फोनवर ओटीपी टाकून होकार दिला. तेही आपण कर्ज घेतोय हे न कळता.

संस्था दुसरीत विलीन झाली आणि आमच्यातले निम्मे घरी बसलो. वय एकोणचाळीस. मला संगणक येतो म्हणजे संस्थेचं एक सॉफ्टवेअर, त्यातल्या पाठ झालेल्या कळा आणि एक्सेलमध्ये बेरीज. अशात जाहिरात दिसली : ‘कोडिंग नको, चित्रकला नको. सहा महिन्यांत यूएक्स डिझायनर व्हा, नोकरीची हमी.’ नाव-नंबर भरला आणि दहा मिनिटांत फोन आला. मुलगा मराठीच. पाचव्या वाक्याला ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली.

“ताई, लोक फॉर्म भरताना कुठे अडतात ते तुम्हाला कळायचं ना? मग तुम्ही अकरा वर्षं यूएक्सच करत होता. सॉफ्टवेअरचं काय, ते आम्ही शिकवू.”

हे खोटं नव्हतं, म्हणूनच मी फसले. माणूस ॲप वापरताना कुठे अडखळतो ते बघायचं, त्याच्याशी बोलायचं आणि त्याची वाट सोपी करायची, हे या कामाचं मर्मच आहे. पण त्याने अर्धंच सांगितलं. पाहिलेलं स्क्रीनवर मांडायला फिग्मा हे सॉफ्टवेअर लागतं. ते ब्राउझरमध्ये उघडतं आणि सुरुवातीला फुकटही आहे, पण फ्रेम, लेअर, कंपोनंट हे सगळं हातात बसायला माऊसवर हात बसलेला असावा लागतो. माझ्याकडे भाच्याचा चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. फाइल उघडली की त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. भाचा म्हणाला होता, “मावशी, आधी एमएस-सीआयटी कर.” मला तो अपमान वाटला.

प्रवेशाच्या पानावर घड्याळ उलटं पळत होतं. पन्नास हजारांची सूट, शिल्लक वेळ चौदा मिनिटं. खाली ‘बिनव्याजी १८ हप्ते, दरमहा ५,००० रुपये’. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी आणि हिरवं बटण. मी समजले, कोर्स चालवणाऱ्या संस्थेला फी हप्त्याहप्त्याने देतेय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने पूर्ण फी संस्थेला देऊन टाकली आणि मी त्या कंपनीची कर्जदार झाले. संस्थेच्या खिशात पैसे गेले. आता मी शिकले काय नि न शिकले काय, त्यांना फरक पडत नव्हता.

तीन आठवडे शिक्षक समोर होते, मग नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. फी परतीची मुदत सात दिवसांची, मोजायची पैसे भरल्यापासून. वर्ग बाराव्या दिवशी सुरू झाला होता! नोकरीच्या हमीलाही अटी निघाल्या : दर आठवड्याला पंधरा अर्ज, ऐंशी टक्के हजेरी, आणि तीन प्रकल्पांचा पोर्टफोलिओ त्यांनीच मंजूर केलेला. माझा दोनदा परत आला, कारण न देता.

एका व्हिडिओत मात्र खरंच काही शिकवलं. साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणाचा फरक, किमान ४.५ ला १ हवा, नाहीतर कमी दिसणाऱ्यांना वाचता येत नाही. गृहपाठाला कोणतंही पान घ्या म्हणाले. मी त्यांचंच प्रवेशाचं पान घेतलं. हिरव्या बटणाखाली फिकट राखाडी ओळ होती, आणि ‘कर्ज’ हा शब्द अख्ख्या पानावर तेवढ्या ओळीत एकदाच. मोजलं तर २.१. पुढच्या धड्यात ‘डार्क पॅटर्न’ आले, म्हणजे ग्राहकाला फसवून होकार मिळवायच्या स्क्रीनवरच्या युक्त्या. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत असे तेरा प्रकार सांगितलेत आणि त्यात खोटी घाई दाखवणं हाही आहे. भाच्याच्या फोनवर तेच पान उघडलं. शिल्लक वेळ चौदा मिनिटं.

रागाच्या भरात मी पुढचा हप्ता अडवला, हे तुम्ही करू नका. बँकेने दंड कापला, फायनान्स कंपनीने वेगळा लावला आणि सिबिल स्कोअर घसरला. भांडण संस्थेशी असलं तरी सही कर्जावर असते. ॲपवरून मिळणाऱ्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत : सगळा खर्च एका तक्त्यात आधी द्यावा लागतो, आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. माझा तक्ता ईमेलमध्ये आला होता. मी तो चार महिन्यांनी उघडला. म्हणजे काउंटरवरची बाई दुसऱ्यांचेच कागद वाचत होती म्हणायची.

मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली, कारण तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. फोनवर दिलेल्या ‘हमी’चा पुरावा माझ्याकडे नव्हता. तोंडी काय सांगितलं ते त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून मागायला हवं होतं.

रंग मोजण्यासाठी काढलेला स्क्रीनशॉट मात्र होता. तक्रार गेल्यावर आठवड्याभरात त्यांनी पान बदललं, आता ती ओळ ठळक काळ्यात आहे. माझ्या अर्जाला जुनी राखाडी जोडली आहे, तारखेसकट. सुनावणी अजून लागायची आहे आणि सात हप्ते बाकी आहेत.