मेटल फिनिशच्या नावाखाली साधा चंदेरी रंग विकतायत, बाटली घेण्याआधी हे वाचा

विमानांची स्केल मॉडेलं करणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांना रंग न दिलेली, उघड्या ॲल्युमिनियमच्या अंगाची विमानं करायची असतात त्यांच्यासाठी खास, म्हणजे मस्टँग, सेबर, मिग-१५, बी-२९ वगैरे. या फिनिशसाठी लागणाऱ्या लॅकरमध्ये, म्हणजे थिनर उडून लवकर वाळणाऱ्या धातूसारख्या रंगात, मला व्यवस्थित फसवलं गेलं आणि ते पटकन लक्षातही आलं नाही, कारण विकणारा सगळा दोष आपल्या हातावर ढकलतो आणि ऐकताना ते खरं वाटतं. हीच त्याची खरी चलाखी आहे.

झालं असं की मोठ्या डब्यातून छोट्या बाटल्या भरून विकणारा एक जण होता, बाटलीवर एका नावाजलेल्या कंपनीचं लेबल. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. असं भरून विकणं वाईट नसतं, एका १/४८ च्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसपट लहान विमानाला रंग लागतो तो किती, आणि बरेच लोक हे प्रामाणिकपणे करतात. मी आधी एकच छोटी बाटली मागवली आणि ती अस्सल निघाली. प्लास्टिकच्या चमच्यावर ग्लॉस ब्लॅक मारून वरून फवारली तर चमच्यात खिडकीची चौकट दिसत होती, इतकी सुरेख. म्हणून मग पी-५१डी मस्टँगसाठी ॲल्युमिनियम, डार्क ॲल्युमिनियम, स्टील अशा शेड त्याच्याकडूनच मागवल्या, यावेळी तो म्हणाला पैसे थेट खात्यात टाका म्हणजे लवकर पाठवतो. पहिला माल खरा द्यायचा, समोरच्याचा विश्वास बसला की मोठ्या ऑर्डरमध्ये हात मारायचा, ही यांची ठरलेली पद्धत आहे हे नंतर इतरांशी बोलल्यावर कळलं.

ज्यांनी हे फिनिश कधी केलं नाही त्यांना सांगते, यात रंगाच्या आधीचीच मेहनत जास्त असते. कॅमोफ्लाजखाली बारीक चरा लपून जातो, मेटलखाली तो दुप्पट दिसतो. त्यामुळे प्रत्येक जोड भरून घासायचा, घासताना गेलेल्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेषा, परत कोरायच्या, मग बारीक बारीक सँडपेपरने चढत चढत ४०००, ६००० नंबरपर्यंत जायचं, कंपाउंडने पॉलिश करायचं, मग ग्लॉस ब्लॅकचा अगदी सपाट बेस आणि तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. एनॅमल बेस असेल तर हे थांबणं फार लांबतं. एवढं सगळं झाल्यावर मी ते लॅकर एअरब्रशने, हवेचं प्रेशर १२ ते १५ पीएसआय ठेवून, लांबून, हलक्या हाताने, धुक्यासारखे कोट देत मारलं, आणि विमानावर आला एक मळकट करडा चंदेरी थर, हात फिरवला तर रेतीसारखा लागणारा. पंखाच्या मुळाशी तर काळा बेस तडकला आणि खालचं प्लास्टिकसुद्धा खाल्लं गेलं, रिव्हेट पुसट झाले. एका किटमागे किती संध्याकाळी जातात हे मॉडेल करणाऱ्यालाच माहीत, मला तर रडूच यायचं बाकी होतं.

त्याला फोटो पाठवले तर उत्तरं तयारच होती. प्रेशर जास्त होतं, बेस ओला होता, हवेत दमटपणा असेल, एअरब्रश साफ नसेल. या सगळ्या गोष्टींनी हे फिनिश खरंच बिघडतं, म्हणूनच तर माणूस गप्प बसतो. आणि मग त्याने शेवटचं सांगितलं की मस्टँगचे पंख खऱ्या विमानातही उघडे नव्हते, चंदेरी रंगवलेले होते, म्हणजे तुमचं मॉडेल उलट जास्त अचूक झालंय!

हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त राग येतो. अमेरिकन लष्कराने १९४३ च्या अखेरीपासून लढाऊ विमानांना कॅमोफ्लाज देणं बंद करत आणलं, वजन वाचावं, वेग मिळावा म्हणून, आणि १९४४ मध्ये उघड्या धातूची मस्टँग दिसायला लागली. पण मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लो प्रकारचा, त्याच्यावरून हवा गुळगुळीत वाहायला हवी, म्हणून कारखान्यात पंखाचे जोड आणि रिव्हेट पुट्टीने भरून प्रायमर आणि वरून ॲल्युमिनियम लॅकर मारायचे. ते पंखापुरतं. फ्युजलाज, म्हणजे विमानाचं मुख्य अंग, मात्र उघड्या धातूचंच, आणि तो फरक, पंख जरा मंद एकसारखा आणि अंग चकचकीत, पॅनेलगणिक थोडं वेगळं, हाच तर मस्टँग करण्यातला आनंद आहे. अख्खं विमान एकाच मळक्या थरात बुडवणं याला अचूकपणा म्हणायचं? माहितीचा वापर तो गिऱ्हाइकाला गप्प करायला करत होता, दुसरं काही नाही.

मग मी हात आणि रंग वेगळे करून बघितले, आणि हेच तुम्हीही करा अशी कळकळीची विनंती आहे. पहिल्या अस्सल बाटलीत थोडं उरलं होतं. दोन चमचे घेतले, दोन्हीला एकाच वेळी एकच ग्लॉस ब्लॅक, एकत्र वाळवले, मग तोच एअरब्रश, तेच प्रेशर, तेच अंतर, एकावर जुनी बाटली आणि एकावर नवी. जुन्यावर आरसा, नव्यावर रेती. हात बिघडला असता तर दोन्ही चमचे बिघडले असते. जुनी बाटली नसेल तर खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेलं कुठलंही दुसरं मेटॅलिक लॅकर चालेल.

फरक का पडतो तेही समजून घ्या. चांगल्या मेटल लॅकरमध्ये ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक चपटे कण असतात, थिनर उडताना ते गुळगुळीत बेसवर आडवे पडतात आणि सगळे मिळून प्रकाश एका दिशेने परत फेकतात. साध्या चंदेरी रंगातले कण जाड, वेडेवाकडे पडणारे, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि करडेपणा येतो. शिवाय स्केलचा हिशोब करा, ०.०५ मिलिमीटरचा कण १/४८ मध्ये म्हणजे खऱ्या विमानावर २.४ मिलिमीटरचा दाणा, तो डोळ्याला खुपणारच. भिंगातून बघितलं तर हे दाणे सुटे सुटे चमकताना दिसतात. बाटली हलवून ठेवली की नव्यातले कण भराभर तळाला बसत होते, जुन्यातलं बराच वेळ ढगाळ राहायचं. माझा अंदाज असा की त्याने गाड्यांचा चंदेरी रंग कडक थिनरने पातळ करून भरला होता, प्लास्टिक खाल्लं जाण्याचं कारणही तेच असावं, कारण तसलं थिनर पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, सोडत नाही. टेप लावून काढली तर रंग टेपसोबत आला, पण एकट्या टेपवरून निकाल लावू नका, क्रोमसारख्या शेड अस्सल असल्या तरी नाजूकच असतात.

आता त्याच्या जाहिरातीतल्या फोटोबद्दल. तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर दुसऱ्याच कुणाच्या तरी जुन्या मॉडेलचा निघाला, आणि नीट मोठा करून बघितला तर ते मॉडेल रंगवलेलं नव्हतंच! ते फॉइलने मढवलेलं होतं. फॉइलला लाटल्याच्या अगदी बारीक रेषा असतात आणि शेजारच्या पॅनेलवर तुकडा फिरवून लावला की त्या रेषांची दिशा बदलते, शिवाय पॅनेलच्या कडेला एका तुकड्यावर दुसरा चढलेला बारीक काठ दिसतो. रंगाला हे असं होत नाही. म्हणजे रंग विकायला फॉइलचा फोटो. तुम्हाला असा फोटो दिसला तर आधी कडा बघा.

भरलेली बाटली घ्यायचीच असेल तर मूळ डब्याचा, त्याच्या लॉट नंबरचा फोटो मागा, आणि काळ्या चमच्यावर त्याच बाटलीतून फवारतानाचा न कापलेला व्हिडिओ मागा, शेजारी तुम्ही सांगाल तो शब्द कागदावर लिहून ठेवायला सांगा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही, मी नंतर ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी लगेच पाठवला. पैसे तक्रार करता येईल अशाच मार्गाने द्या. पहिली बाटली चांगली निघाली म्हणून दुसरी तशीच किटवर नेऊ नका, प्रत्येक बाटलीचा वेगळा चमचा.

ज्यांच्याकडे त्याचा माल आधीच आलाय त्यांनी राग आला तरी बाटली फेकू नका. अर्धी तरी लेबलसकट तशीच ठेवा, दोन चमचे शेजारी ठेवून फोटो काढा आणि बोलणं झालेले मेसेज जपून ठेवा, कारण तक्रार केली की तो खातं बंद करून दुसऱ्या नावाने येतो, फोटो मात्र तोच फॉइलवाला लावतो.