पेजिंग फाईल: विंडोजवर सोडायची की आकडा आपण ठरवायचा?

परभणी-नांदेडकडच्या घरांतल्या ४ जीबी रॅमच्या पीसीवर टॅली, क्रोम आणि एखादा ऑनलाइन फॉर्म एकदम उघडला, की ‘मेमरी कमी आहे’ असा इशारा येतो. रॅम भरत आली की विंडोज डिस्कवरची जी जागा जादा मेमरीसारखी वापरतं, ती पेजिंग फाईल. तिचा आकार ठरवायच्या दोन वाटा असतात.

पहिली, विंडोजवर सोडणे. गरजेप्रमाणे फाईल वाढते, आपल्याला काही करावं लागत नाही. मात्र सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर वाढायला जागाच नसते, मग प्रोग्रॅम बंद पडतात. आधी १०-१५ जीबी मोकळी करा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

दुसरी, आकडा ठरवणे. रनमध्ये (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की उघडणारी चौकट) ‘एसवायएसडीएम डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप करा, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग चेंज. वरची ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण काढा, कस्टम साइज निवडा, इनिशियल ४०९६ आणि मॅक्सिमम ८१९२ एमबी भरा. ‘सेट’ दाबल्याशिवाय ओके केलं तर आकडे लागू होत नाहीत. इथंच बहुतेकांचं चुकतं. मग रीस्टार्ट.

आकडा अंदाजानं नको. नेहमीचं सगळं उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘कमिटेड’ बघा. तिथं दोन आकडे असतात: पहिला प्रोग्रॅमांना दिलेल्या मेमरीचा, दुसरा रॅम आणि पेजिंग फाईल मिळून असलेल्या मर्यादेचा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडत असेल तरच फाईल वाढवा. ‘नो पेजिंग फाईल’ तर निवडूच नका.

एसएसडी असेल तर पहिलीच वाट बरी. सी लहान अन् डी मोठा असेल तर दुसरी, मोठी फाईल डीवर ठेवून. पण सीवर थोडी फाईल ठेवा, नाहीतर निळ्या स्क्रीननंतर क्रॅशची नोंद मिळत नाही.