वास परत आणायचं किट: पुस्तिका झकास, बाटल्या ठीकठाक

फेब्रुवारीत व्हायरल झालं आणि नाकातला वास जो गेला तो परत यायचं नावच घेईना, पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला तरी जिभेला नुसतं खारट-आंबट, आणि एकदा तर गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं, मी तिथेच भाजी निवडत बसलेली, वरच्या काकू धावत आल्या तेव्हा कळलं. आत्या म्हणते, अगं वासच गेलाय ना, डोळे तर शाबूत आहेत! आता सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, लीक कळावा म्हणून मुद्दाम मिसळतात आणि नेमका तोच मला येत नव्हता, हे तिला कोण सांगणार.

ईएनटी म्हणाले स्मेल ट्रेनिंग करा, म्हणजे ठरलेले वास रोज हुंगायचा सराव, म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं, साडेआठशेला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. हे चार वास कंपनीच्या डोक्यातून आलेले नाहीत हां, जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांच्या टीमने 2009 मध्ये पेशंटना हेच चार रोज दोनदा, 12 आठवडे हुंगायला लावले होते आणि न करणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त फरक पडला. मग डब्यावर ‘21 दिवसांत वास परत’ कशाच्या जोरावर छापलंय?

निलगिरीची तर गंमतच. पहिल्याच दिवशी नाकात गारवा झोंबला, मी आनंदाने ओरडलेच, आला आला! डॉक्टर हसले, म्हणाले तो गारवा ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच नसेतून कळतो, वास नाही तो. हे पुस्तिकेत पहिल्या पानावर हवं होतं. गुलाब म्हणजे (आता थोडा येतो म्हणून सांगते) धर्मशाळेतला साबण, आणि लिंबाचं झाकण गळतं, अर्धी बाटली ड्रॉवरने प्यायली.

पण पुस्तिका मी दोनदा वाचली. एकोणिसाव्या शतकात ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने मेंदूतला वासाचा भाग प्रमाणात छोटासा बघून माणसाला वासात कच्चा ठरवलं, आणि 2017 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मॅकगॅन यांनी ते खोडेपर्यंत बहुतेकांनी तेच धरून ठेवलं, म्हणजे आत्या एकटी नाही. 1888 मध्ये डच डॉक्टर झ्वार्डमाकरने नळीत नळी सरकवून वास मोजायचं यंत्र काढलेलं, तरी आपल्या फुल बॉडी चेकअपमध्ये नाकाला कुणी विचारत नाही. वास ओळखणारे जीन्स बक आणि ॲक्सल यांना 1991 मध्ये सापडले, 2004 चं नोबेल त्यावरच.

लिंबू संपल्यावर मी घरचीच सालं वापरली, लवंग इथल्या इंदूरच्या सियागंज बाजारातून आणली, ती किटपेक्षा कडक निघाली. नवव्या आठवड्यात तिचाच वास आधी आला, पण कसा, जळक्या रबरासारखा. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, नस परत जुळताना असं होतं, चालू ठेवा.

तीन स्टार. झाकण सुधारलं तर चार देईन.