दुसऱ्या लग्नाच्या घरासाठी मृत्युपत्र: दांडिया बाजारातील एका वकील कार्यालयाचा अनुभव

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील या कार्यालयात आम्ही पतिपत्नी गेलो, ते आमच्या घराची नाती सरळ नसल्यामुळे. दोघांचेही हे दुसरे लग्न. मुलगा माझा, मुलगी तिची, आणि माझी आई आमच्याजवळ राहते.

वकीलबाईंनी मसुद्याला हात घालण्याआधी, मृत्युपत्र नसेल तर काय होईल ते कागदावर मांडून दाखवले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे माझ्या पश्चात पत्नी, मुलगा आणि आई यांना सारखे तीन हिस्से मिळतील. जिला मी लहानाची मोठी केली त्या मुलीला मात्र काहीही मिळणार नाही, कारण सावत्र अपत्य या कायद्याच्या ‘मुलगा-मुलगी’त मोडत नाही. तिने पंधरावे वर्ष ओलांडल्यामुळे, रूढीचा अपवाद सोडला तर, हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकाची वाटही बंद आहे.

खरी कसोटी फ्लॅटच्या कलमाची होती. पत्नीने हयातभर तिथे राहावे आणि पुढे तो दोन्ही मुलांना मिळावा, ही माझी इच्छा. तयार नमुन्यांत अशा वेळी ‘हयातीपुरता हक्क’ एवढे लिहून मोकळे होतात. परंतु पोटगीच्या हक्कापोटी विधवेला मर्यादित म्हणून दिलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या तुलसम्मा निकालाचा आधार देऊन बाईंनी समजावले. त्यांनी मालकी थेट मुलांच्या नावे लिहिली, पत्नीला केवळ राहण्याचा हक्क ठेवला आणि तिच्या निर्वाहासाठी मुदत ठेवींची वेगळी तरतूद केली. यावरही उद्या कोणी वाद घालू शकेल, हे त्यांनी लपवले नाही. मला तेच अधिक आवडले. हिंदूंच्या बाबतीत पुनर्विवाहाने आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, म्हणून मसुद्याच्या सुरुवातीलाच पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द केली आहेत.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते. तरी त्यांनी तिचा आग्रह धरला आणि दोन्ही साक्षीदार नात्याबाहेरचे घ्यायला लावले. दोन बाजूंची मुले असलेल्या घरात ही सावधगिरी योग्यच आहे.

नॉमिनीचा विषय मात्र त्यांनी एका वाक्यात गुंडाळला. शेअर्सचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मुलीचे नाव नॉमिनी म्हणून घातले की काम झाले, असे मानणारे आमच्या ओळखीतही पुष्कळ आहेत, तेव्हा यावर अर्धा तास दिला असता तर बरे झाले असते. शिवाय बोलणे सगळे मराठीत होते, पण मसुदा इंग्रजीतच मिळतो, आणि माझ्या आईसारख्यांना तो कोणीतरी वाचून समजावावा लागतो. शुल्क आधी लेखी सांगतात. पुढच्या दुरुस्तीला मात्र पुन्हा पूर्ण आकारणी होते, म्हणून तेवढे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.