एसीएलची दुर्बीण शस्त्रक्रिया, हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट आणि बटण: नाशिककरांसाठी परीक्षण

कबड्डीत, दुचाकीवरून पडून किंवा हरिहर गड उतरताना गुडघा पिळवटून एसीएल (मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जोडणारा पट्टा) तुटला की त्याच्या जागी मांडीमागच्या (हॅमस्ट्रिंग) टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, ग्राफ्ट घालायचा पर्याय हमखास पुढे येतो. आमचीही पसंती त्यालाच. त्याऐवजी वाटीखालचा टेंडन हाडासकट काढला तर गुडघे टेकताना पुढे दुखत राहण्याची शक्यता जास्त, आणि आपल्याकडे जमिनीवर बसणं-उठणं रोजचंच.

नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूने सुमारे 3 सेंमीचा छेद घेऊन सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस हे दोन टेंडन काढतात. पोटरीकडे जाणारे पट्टे आधी सोडवले नाहीत तर स्ट्रिपर (टेंडन सोलून काढायचं हत्यार) टेंडन मध्येच कापू शकतो आणि ग्राफ्ट आखूड पडतो. चार पदरी ग्राफ्ट 8 मिमी तरी भरावा. तरुण खेळाडूत त्याहून बारीक ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. पदर वाढवून जाडी आणता येते.

ग्राफ्ट बसवायला मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदे पाडतात. खरी कसोटी मांडीच्या हाडातल्या बोगद्याची. आतल्या बाजूच्या पोर्टलमधून (हत्यारं घालायच्या छोट्या छिद्रातून) तो पाडताना गुडघा 120 अंशांच्या आसपास वाकवावा लागतो. कमी वाकवला तर बोगद्याची मागची भिंत फुटू शकते. तिथे 1-2 मिमी हाड शिल्लक हवं. नडगीच्या बोगद्यातूनच वर ड्रिल नेलं तर वरचा बोगदा उभा पडू शकतो. मग सरळ चालताना सगळं ठीक, पण वळताना गुडघा सटकतो. नडगीचा बोगदा फार पुढे आला तर ग्राफ्ट मांडीच्या हाडातल्या खाचेच्या छताला घासतो आणि पाय पूर्ण सरळ होत नाही. ग्राफ्ट पकडून ठेवणाऱ्या महागड्या विरघळणाऱ्या स्क्रूने यातलं काहीच सुधारत नाही, म्हणून चौकशी स्क्रूच्या ब्रँडची करण्याआधी बोगद्याची करा.

ग्राफ्ट मांडीच्या हाडाबाहेरून टांगून धरणारं छोटं बटण हाडाला चिकटून बसलंय का, हे एक्स-रेत पाहा. मध्ये स्नायू अडकला तर ग्राफ्ट पुढे सैल पडतो. ग्राफ्ट व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकच्या द्रावणात (1 मिलीला 5 मिग्रॅ) भिजवतात का, तेही विचारा. खर्च किरकोळ, जंतुसंसर्गाला आळा मोठा.

पॅकेजचा आकडा ऐकताना फिजिओथेरपी त्यात आहे का, ते आधी पाहा. सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांनी तर जवळचा फिजिओ आधीच ठरवावा. सुमारे 6 ते 12 आठवड्यांत ग्राफ्ट सर्वांत कमकुवत असतो, आणि नेमका तेव्हाच गुडघा बरा वाटू लागतो. मैदानावर 9 महिन्यांआधी नको. तेव्हाही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या 90 टक्के हवी.

डिस्चार्ज कार्डावर ग्राफ्टची जाडी, इम्प्लांटचे (स्क्रू, बटण) स्टिकर आणि मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला असल्यास शिवला की कापला, हे लिहून घ्याच. शिवला असेल तर वजन टाकण्याचं आणि गुडघा वाकवण्याचं वेळापत्रक वेगळं असतं.